काठीपासून दहा पावलं

वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. त्याआधी बाईंनी प्रश्न विचारला की मी पुढच्या मुलीच्या वेणीमागे लपायची. पण तोंडाचं कुलूप एकदा उघडलं ते उघडलंच. मावशी म्हणायची, "हिला बंद करायचं बटण कुठेय, कुणाला माहितीये का?"

मावशी समुद्रकाठच्या उद्यानात रक्षक आहे. मैलभर वाळू, मागे झाडी आणि टोकाला जुन्या तटाचा तुकडा, त्यावर गंजलेली तोफ. तोफ कुणी आणली, ती एकदाच कशी उडाली आणि तीही चुकून, हे सगळं तिथल्या पाट्यांवर लिहिलंय. पाट्या रंगवल्यात पेंटर आजोबांनी. ते रोज सकाळी आपल्या लंगड्या कुत्र्याला घेऊन तिथे फिरतात. कुत्र्याचं नाव साहेब, कारण हाक मारली तरी तो येत नाही.

तटाखालच्या वाळूवर चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी अंडी घालतो. घरटं वगैरे भानगड नाही. उघड्या वाळूत वाटीएवढा खळगा, त्यात तीन ठिपकेदार अंडी. या वर्षी एकच जोडी आली होती. मावशी त्यांच्यासाठी दोरी बांधते आणि एक काठी रोवते, पण अंड्यांजवळ नाही. कावळे हुशार असतात, काठी दिसली की शोधायला लागतात. म्हणून काठी तटाच्या बाजूला, आणि अंडी तिथून समुद्राकडे बरोब्बर दहा पावलांवर. हे दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. मला सांगताना ती म्हणाली होती, "तू बडबडी आहेस, पण पोटात ठेवशील."

गुरुवारी आमच्या वर्गाची सहल तिथेच गेली. सर तोफेची गोष्ट सांगत होते आणि मला ती आजोबांच्या पाट्यांमुळे स्वल्पविरामासकट पाठ होती. मैत्रीण कुजबुजली, तुला तर इथलं सगळं माहितीये, काहीतरी भारी दाखव ना. झालं, चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. पाचजणींना घेऊन दोरीखालून वाकले आणि काठीपासून दहा पावलं मोजली. पक्षी उडाला. मी अंड्यांवर भाषण दिलं. छोटंसं द्यायचं होतं, पण त्या इतक्या डोळे विस्फारून ऐकत होत्या की लांबलं. कुणाच्या तरी पुडीतले वेफर्स खाली सांडले. तटावर एक कावळा बसला होता, तोही ऐकतोय असं म्हणून आम्ही हसलो.

परत फिरताना मी सगळ्यात मागे राहिले आणि पायाने आमचे ठसे पुसले. घाईघाईत नाही, नीट, एकेक करून.

शनिवारी जेवताना मावशीने सांगितलं की अंडी गेली. खळगा रिकामा, दोरीच्या आत माणसाचा एकही ठसा नाही, कडेला मात्र कुत्र्याचे पंजे. साहेबाचेच. तीन पायांचे खोल, चौथ्याचा नुसता ओरखडा. पेंटर आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, असेल, वय झालं, पट्टा सुटला असेल हातातून. आता कुत्र्याला बंदी. आई म्हणाली, बिचारे. मी म्हटलं, मला भूक नाही. भात तसाच राहिला.

मैत्रिणीला फोन केला. तिच्या मते हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला असं होतं, आपला काय संबंध? पण हा कावळा आपणहून बसला नव्हता. त्याला खळगा मी दाखवला होता, वर वेफर्स घातले होते. साहेबही त्या वेफर्सच्या वासानेच कडेपर्यंत आला असणार. खाई त्याला खवखवे म्हणतात ते गळ्याचं वाटायचं मला. पोटात खवखवतं ते.

रविवारी सकाळी मी उद्यानात गेले. मावशीला एकटीला गाठून हळूच सांगायचं ठरवलं होतं. पण फाटकाशीच पेंटर आजोबा स्टुलावर बसून नवी पाटी रंगवत होते. शेजारी कुत्रा नव्हता. पाटीवर लाल, टपोऱ्या अक्षरात लिहून झालं होतं: 'कुत्र्यांना प्रवेश'. 'बंद' तेवढं बाकी होतं.

मी विचारलं, ही तुम्ही का रंगवताय? ते म्हणाले, दुसऱ्या कुणाचं अक्षर मावशीला पसंत पडत नाही. "आणि चूक माझीच आहे गं. साहेब कालपासून दाराशी बसून रडतोय, त्याला कसं समजावणार?" त्यांनी कुंचला रंगात बुडवला.

तेवढ्यात मावशी आली. मी स्पर्धेत सात मिनिटं न अडखळता बोलले होते. इथे एक वाक्य निघेना. शेवटी म्हटलं, "मावशी, साहेबाने नाही. मी मुलींना दाखवायला नेलं होतं. दहा पावलं मोजून."

कुंचला तसाच थांबला. मावशीने शांतपणे विचारलं, "मग तुमचे ठसे?"

"मी पुसले."

ती समुद्राकडे बघत राहिली. तिने रागवावं असं मला फार वाटत होतं.

"अंडी गेली, ते एक वेळ समजेल मला," ती म्हणाली. "दाखवायचा मोह झाला असेल. पण ठसे पुसलेस ना, तेव्हा तुला सगळं माहीत होतं." मग तिने नोंदवही काढली, 'कुत्रा' हा शब्द खोडला, वर काहीतरी लिहिलं आणि ती माझ्याकडे न बघता तटाकडे निघून गेली. मला 'चल' म्हणाली नाही.

पेंटर आजोबांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "माझं काय, मी हो म्हणून बसलो होतो. त्या मुक्या जिवाला विचार." मग त्यांनी टर्पेंटाइनचं फडकं माझ्या हातात दिलं. "पूस."

मी पुसायला लागले. रंग ओला होता, तरी नुसताच पसरत होता. हात लाल झाले आणि सगळी पाटी गुलाबी. वाळूतले सहाजणींचे ठसे दोन मिनिटांत गेले होते. इथे मी ऊन डोक्यावर येईपर्यंत घासत होते, तरी वाकून पाहिलं की 'कुत्र्यांना' वाचता येत होतं.

आजोबा साहेबाला आणायला घरी गेले होते. तो लंगडत आला, माझे हात हुंगून शिंकला आणि पाठ फिरवून तटाकडे निघाला. मी हाक मारली नाही.