बाल्कनीची पहिली रांग

"आधी तुम्ही बसा साहेब, मग आम्ही बसतो," रंगारी म्हणाला आणि सगळे हसले. पण जिन्याकडे एकही पाऊल वळलं नाही.

जुन्या नाट्यगृहाची दुरुस्ती पुरी झाली होती. नाटक लागण्याआधी बाल्कनीत माणसं बसवून बघायची, म्हणून कामगारांना बायकामुलांसह बोलावलं होतं. वाळूची पोती ठेवून झाली होती. पण पोती उठत-बसत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, असं इंजिनीअरसाहेबांचं म्हणणं. ते स्वतः मात्र खालीच उभे होते. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांना छान जमायचं.

सुतार खांबाला टेकून उभा होता. बाल्कनीच्या तुळया त्यानेच बदलल्या होत्या. पूर्वी हीच बाल्कनी भर खेळात कोसळली होती, माणसं गेली होती. त्याच्या आदल्याच वर्षी तिची दुरुस्ती सुताराच्या वडिलांनी केली होती, म्हणून खापर त्यांच्या माथी फुटलं. चूक लाकडाची की गर्दीची, ते कोणालाच कळलं नाही. म्हातारा मरेपर्यंत या रस्त्याने गेला नाही. आज तोंडावर कोणी बोलत नव्हतं इतकंच. सुताराला तर कित्येक दिवस धड झोप नव्हती. डोळा लागला की डोक्यावर काहीतरी कोसळायचं.

"मी जाते," त्याची बायको म्हणाली.

तिचा दंड धरून तो हळूच म्हणाला, "तू नको. दुसरं कोणीतरी जाईल."

"तुमचीच बायको बसली नाही, तर दुसऱ्याची कशाला बसेल?"

थांब म्हणावं, तर आपल्याच कामावर भरवसा नाही असं चारचौघांत कबूल केल्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर तो भरवसा नव्हताच.

ती जिना चढली आणि पहिल्या रांगेत मधोमध बसली.

"या की वर. इथून सगळं छान दिसतंय."

मग रंगारी गेला, गवंडी गेला, त्यांच्या मागून बायकापोरं गेली. बाल्कनी भरली. बायको बसली होती त्याच्या नेमका खाली जाऊन सुतार उभा राहिला. बाल्कनी पडली तर आधी आपल्यावर पडो.

साहेबांनी सगळ्यांना उठवलं, बसवलं. माणसं एकदम बसली आणि लाकूड कडकन वाजलं. सुताराने डोळे मिटले.

"वहिनी, उतरायचं का?" रंगाऱ्याचा आवाज कापत होता.

"नवं लाकूड आहे, सांधे बसतायत. बसा गुपचूप."

पुन्हा काही वाजलं नाही. साहेबांनी मोजमाप घेतलं आणि हात वर केला. माणसं हसत-बोलत उतरली, जाताना सुताराच्या पाठीवर थाप मारून गेली. बायको मात्र आली नाही, म्हणून तो वर गेला.

ती तशीच बसली होती, दोन्ही हात कठड्यावर.

"चल, झालं सगळं."

"उठता येत नाहीये हो," ती पुटपुटली. "हात सुटत नाहीयेत."

तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि कठड्याला आवळलेलं तिचं एकेक बोट हलक्या हाताने सोडवू लागला.