आईची राहिलेली कवळी

डॉक्टर म्हणाले, "फार तर दोन महिने," आणि बाबांनी त्याच संध्याकाळी नवी कवळी मागितली.

थोरल्या लेकीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तसा त्यांचा लौकिकच होता. चाळीस वर्षं बियाण्यांचं दुकान चालवलेला माणूस. मुळ्याचं बी देतानाही पुडीत एखादा विनोद बांधून देणार. पण या वेळी गडी हट्टालाच पेटला होता.

"जुनी ढिली झालीय. बोलता बोलता खाली येते."

"अहो बाबा, दोन महिन्यांसाठी?"

"दोन महिने म्हणजे एकशे वीस जेवणं. मला मक्याचं कणीस खायचंय, दातांनी. सुरीने दाणे काढून नव्हे."

कवळ्या हा थोरलीचा धंदाच. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, ती घरामागच्या खोलीत प्लास्टरचे साचे ओतायची आणि गुलाबी मेणात एकेक दात बसवायची. हात असा की तिची कवळी घालून कुणी हसलं, तर खऱ्या दातांच्या माणसानं तोंड मिटून घ्यावं. बाबांना नाही म्हणायला तिच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. खरं कारण होतं, ते टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये.

तिथे मऊ फडक्यात आईची कवळी होती, अकरा वर्षांपासून.

आई म्हणजे काय बाई होती! दात लावल्याशिवाय दूधवाल्यालाही दार उघडायची नाही. थोरलीच्या हातची पहिली कवळी तिची. आई गेली तेव्हा तिला तयार करायचं काम थोरलीनं हट्टानं अंगावर घेतलं. केस विंचरले, निळा पोशाख घातला, बुटांना पॉलिशसुद्धा केलं. शवपेटी बंद झाली, माती पडली, सगळे घरी आले. थोरली तोंड धुवायला गेली, तर बेसिनवर ग्लास आणि ग्लासात कवळी. साऱ्या जगाला दात देणाऱ्या बाईनं सख्ख्या आईला बोळक्या तोंडानं पाठवलं होतं.

तिनं ग्लास टॉवेलखाली लपवला आणि कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये 'मेलेले पुन्हा उठतील' असं म्हणताना सगळ्यांचे आवाज चढायचे, हिचा बसायचा. विश्वास नव्हता असं नाही. विश्वास होता, तीच तर पंचाईत होती. आई उठणार, पहिल्यांदा तोंडावर हात ठेवणार आणि विचारणार, "हे कुणाचं काम?"

आणि आता बाबा तिकडेच निघाले होते. निघाले होते म्हणजे अगदी तयारीनिशी. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी यादी करायला घेतली होती: 'हिला सांगायचं.' धाकट्याला जुळ्या मुली झाल्या. शेजारणीनं शेवटी लग्न केलं, तू म्हणाली होतीस त्याच्याशीच. दुकान विकलं, रागावू नकोस.

तीन आठवड्यांनी, रविवारी चर्चहून आल्यावर, थोरलीनं नवी कवळी बसवली. बाबांनी आरशात पाहिलं, खिडकीशी बसून अख्खं कणीस हातात घेतलं आणि कडाकड अर्धं संपवलं. मग पेन्सिल उचलली.

"आईला तुझा काही निरोप?"

ती उठू लागली. बाबांनी मनगट धरलं.

"सांग ना."

"चुकले म्हणून सांगा तिला," ती म्हणाली आणि मग तिला थांबता येईना. ग्लास, टॉवेल, ड्रॉवर, सगळं हुंदक्यांसकट बाहेर पडलं.

बाबा हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. कवळी जागची हलली नाही. काम चोख होतं.

"अगं वेडाबाई, मला ठाऊक होतं. पन्नास वर्षं संसार केला, तिचे ओठ कसे मिटतात ते मला कळणार नाही? पेटीपाशीच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तिचे केस इतके छान विंचरले होतेस, बोलायला जीव धजेना. घरी येऊन ग्लास शोधला, तर गायब. म्हटलं, हिलाही कळलंय, आज ना उद्या बोलेल. तर तुझी अकरा वर्षं दातखीळ! आईचा विषय निघाला की उठून जायचीस. आता माझ्याकडे वेळ थोडा. म्हटलं, हिला माझ्या तोंडाशीच बसवावं."

म्हातारा पक्का बेरकी निघाला होता.

"पण बाबा, आई तिथे..."

बाबांनी कणसातला एक दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "जन्मभर हेच विकलं मी. पेरताना दाण्याला पानं चिकटवून पेरतात का गं? सुरकुतलेला एवढासा दाणा मातीत जातो आणि माझ्या डोक्यावरून जाईल असं मक्याचं ताट वर येतं. प्रभूला मातीतून अख्खी बाई उठवायची आहे. त्याचं बत्तीस दातांवाचून अडणार आहे?"

थोरलीला रडता रडता हसू फुटलं. अकरा वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"एक मात्र कर," बाबा म्हणाले. "मला पाठवशील तेव्हा ही काढून ठेव. ती बोळकी आणि मी बत्तीशी दाखवत, बरं दिसतं का? दोघांना एकदमच नवे दात मिळू देत."

दोन महिन्यांचे पाच झाले. डॉक्टर चकित; बाबा म्हणाले, कणसं संपायची होती. मग एके सकाळी न्याहारी करून, कवळी स्वतः धुऊन, ग्लासात ठेवून ते जरा पडले, ते उठले नाहीत.

चर्चमध्ये पेटीवाला थोरलीच्या कानाशी लागला. अनुभवी माणूस, त्यानं लगेच ओळखलं. "ताई, कवळी राहिली वाटतं. घरी कुणाला पाठवू?"

थोरलीनं बाबांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं. बाबांची फार आठवण आली. पण आवाज बसला नाही.

"राहू दे दादा," ती म्हणाली. "त्यांना आता माझ्या हातची लागायची नाही."

मग बाबांच्या खिशात ठेवण्यासाठी तिनं ती यादी काढली. घडी घालताना तळाशी वाकडीतिकडी ओळ दिसली. शेवटच्या दिवसांतली असावी.

'थोरलीनं तुझ्या कवळीचं फार मनाला लावून घेतलं होतं. ती आली, की दुसरं काही बोलायच्या आधी तिला हसून दाखव.'

थोरली मोठ्यांदा हसली, ऐन चर्चमध्ये, गालांवर पाणी असताना. पाळक पुस्तकातून मान वर करून बघू लागले. तिनं तोंडावर हात ठेवला नाही.