नियमाबाहेरची भाकर

शेफालीच्या चर्चमधल्या दृढीकरणाची तारीख पुढे गेली ती बिशपसाहेबांच्या गुडघ्यामुळे. अख्ख्या धर्मप्रांताला गुडघे टेकायला लावणाऱ्या माणसाचाच गुडघा बदलायची वेळ आली आणि मे महिन्यातला विधी थेट ऑगस्टात गेला. पाळक रणपिसे यांनी दृढीकरणाच्या वर्गात हे जाहीर केलं तेव्हा बाकीच्या आठ जणांना मनातून बरंच वाटलं. त्यांतल्या आमोदच्या दहा आज्ञा तर अजून सातव्यापुढे सरकत नव्हत्या. शेफाली मात्र बोटांवर आठवडे मोजू लागली. तिच्या आईकडे ऑगस्टपर्यंत वेळ नव्हता.

चारच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, दिगंबरला, दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं : तीन आठवडे, फार तर चार. घरी येताच वडिलांनी फर्मान काढलं की आईला, कुसुमला, यातलं अक्षरही कळता कामा नये. औषध लागू पडतंय, एवढंच म्हणायचं. तेव्हापासून वारज्यातल्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक इतके हसतमुख वावरत होते की परक्याला वाटावं, घरात लग्न निघालंय.

कुसुमची एकच इच्छा होती. लेकीचं दृढीकरण झालं की तिच्या शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचं. बिशपांनी डोक्यावर हात ठेवून दृढीकरण केल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे पावाचा तो नखाएवढा तुकडा, कुणालाच मिळत नाही. तोवर पोरं नुसती वेदीच्या कठड्याशी येतात, पाळक आशीर्वाद देतात आणि पुढच्याकडे सरकतात. हा नियम कुसुमइतका त्या चर्चमध्ये कुणी सांभाळला नसेल. वीस वर्षं संडे स्कूल चालवताना तिने आगाऊपणे पुढे आलेले कितीतरी चिमुकले हात मागे केले होते. पोटच्या पोरीलाही तिने कधी सूट दिली नाही.

तारीख लांबल्याचं ऐकून ती मुळीच खट्टू झाली नाही. "बरं झालं की," ती म्हणाली. "तोवर मी चर्चला चालत येईन. टेलरला सांग, तुझ्या पांढऱ्या ड्रेसच्या बाह्या जरा लांब ठेव."

शेफाली हो म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांकडे गेली. आईला घरी प्रभुभोजन द्यायला याल तेव्हा मलाही द्या, म्हणाली. रणपिसे माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आज तुला सूट दिली तर उद्या प्रत्येकाच्या घरात आजारी माणूस निघेल, असं काहीतरी तो बोलला आणि बोलल्यावर स्वतःच ओशाळला. मग तिने बिशपांच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या कारकुनाने अर्ज पाळकांमार्फत करायला सांगितला आणि साहेब महिनाभर कुणाला भेटणार नाहीत, हेही ऐकवलं. इकडे आईचं जेवण दोन चमचे पेजेवर आलं होतं. आई रोज थोडी थोडी निसटत होती आणि शेफाली रोज तिला सांगत होती, आज चेहरा किती छान दिसतोय.

शुक्रवारी ती पुन्हा पाळकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि कुणी न विचारता दृढीकरणासाठी पाठ केलेली प्रश्नोत्तरं म्हणू लागली. विश्वासांगीकार, दहा आज्ञा, संस्कार किती आणि कोणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. रणपिसे थांब, थांब म्हणत राहिले. ती थांबली नाही.

"मला सगळं येतं, पाळकसाहेब," शेवटी ती म्हणाली. "नियमही येतो. पण आई नसताना ते घेऊन मी काय करू?"

रणपिसे यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रविवारी दुपारी येतो म्हणाले, आणि बाहेर कुणाला बोलू नकोस. शेफालीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. घरी येताना कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

रविवारी कुसुमला उशांच्या आधाराने बसवलं. डोक्यावरचा पदर दोनदा घसरला, दोन्ही वेळा तिनेच तो सावरला. पाळकांनी टीपॉयवर पांढरं कापड अंथरलं, प्रार्थना केली, भाकर मोडली. आजाऱ्याला शेवटी द्यायची रीत, म्हणून आधी दिगंबरला दिली. मग ते शेफालीकडे वळले. तिने ओंजळ पुढे केली आणि त्यांनी ओंजळीत तुकडा ठेवला.

जिंकल्यासारखं वाटून शेफालीने आईकडे पाहिलं. आता आईला किती आनंद होईल, हे पाहण्यासाठीच तर तिने हा सगळा आटापिटा केला होता.

कुसुम तुकड्याकडे पाहत होती. मग तिने पाळकांकडे पाहिलं, त्यांनी पुस्तकात मान घातली. नवऱ्याकडे पाहिलं, तो पंख्याकडे बघू लागला. रणपिसेंसारखा भित्रा पाळक नियम कधी मोडेल, हे त्या घरात कुसुमपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? शेफालीला आता कळलं. पप्पांनी जिवापाड जपलेलं गुपित तिने आपल्याच ओंजळीतून आईसमोर धरलं होतं.

"किती दिवस म्हणालेत डॉक्टर?" कुसुमने विचारलं.

दिगंबर पंखा कमी करायला उठला.

"शेफाली, तुला विचारतेय मी."

"तीन-चार आठवडे," शेफाली म्हणाली. "दोन होत आले."

कुसुमने मान हलवली. बराच वेळ ती चादरीची कड बोटांनी सारखी करत राहिली. पाळक तिच्यासाठीचा तुकडा घेऊन पुढे झाले, तर तिने हाताने त्यांना थांबवलं.

"आधी तिला खाऊ द्या," ती म्हणाली. "मला बघायचंय."

शेफालीने तुकडा तोंडात घातला. आई डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती, म्हणून तिने तो चावला, आणि आईच्या शेजारी गुडघे टेकले.