परत केलेले डूल

दारातच तळणाचा वास आला आणि सबीरा जागीच थबकली. सण नव्हता, कुणी पाहुणे यायचे नव्हते, आणि घरात बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते. त्या डोंगराळ गावात बोर्सोक उगाच कुणी तळत नसे. एक तर घरातलं कुणी गेलेलं असायचं, नाहीतर कुणी जायचं ठरलेलं असायचं.

अंगणाच्या कुंपणावर मेंढीचं ओलं कातडं पसरलेलं होतं. उंबऱ्यात सासूबाई, उलकान आजी, ठेवणीतला पांढरा रुमाल डोक्याला बांधून उभ्या होत्या.

"आलीस? बूट काढ, हात धू, आणि आधी लेकीकडे बघ."

बेगाइम कढईपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली. गाल लाल झाले होते, तेही नुसत्या विस्तवाने नव्हे. कानात सोन्याचे डूल होते, खाली डाळिंबाच्या दाण्यासारखे खडे.

"कुणी घातले?"

"कुणी म्हणजे? हाकिमाच्या घरून बायका आल्या होत्या. गाडी भरून! नुरजामालने स्वतःच्या हाताने घातले," आजी म्हणाल्या. "आता ती तुझी विहीण. म्हणतात ना, जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं."

"आणि तुम्ही घालू दिलेत? मला न विचारता?"

"दारात आलेल्यांना काय हाकलून देऊ? दोन वर्षं झाली पोरं राजधानीच्या कॉलेजात बरोबर फिरताहेत, सगळ्या गावाला ठाऊक आहे. घरात बाप नाही, आई कोर्टात. मग म्हातारीनेच बघायचं ना!"

सबीराला ठाऊक होतं. एर्मेक, तालुक्याचा कारभार हाकणाऱ्या हाकीम तुर्दुबेकचा धाकटा मुलगा, उंच, लाजरा. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छपरावरचं बर्फ काढायला न बोलावता आला होता आणि चहाही न घेता पळाला होता. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर त्या संध्याकाळी सबीरा ओरडली असती, कपाळाला हात लावून बसली असती. तसं काही तिला करता आलं नाही. तिने मुकाट्याने ताटातला एक बोर्सोक उचलला आणि तो तिच्या हातातच गार झाला.

कारण शुक्रवारी न्यायाधीश म्हणून तिला जुमाशचा निकाल द्यायचा होता.

जुमाश म्हणजे घोड्यांचा राखणदार. गावाचा जो सामायिक तांडा होता, सरकारी शेती मोडल्यावर उरलेला, तो उन्हाळाभर वरच्या कुरणात तोच राखायचा. वसंतात त्यातल्या चांगल्या गाभण घोड्या नाहीशा झाल्या. तांड्याचा कारभार हाकिमाच्या थोरल्या मुलाकडे, दानियारकडे होता. त्याने पोलिसांत सांगितलं की जुमाशनेच त्या डोंगरापलीकडे नेऊन विकल्या. ज्या दिवशी घोड्या गेल्या त्या दिवशी जुमाश शेजारच्या गावी एका म्हाताऱ्याची कबर खणत होता. जमीन गोठलेली, कुदळ लागेना, त्यामुळे दिवसभर खणत होता. अर्धं गाव तिथे होतं. पण कोर्टात साक्षीला आले फक्त नमाज पढवणारे मोल्डो, तेही काठी टेकत. बाकीच्यांनी सबीराला रस्त्यात पाहिलं की टोपी पुढे ओढून घ्यायला सुरुवात केली होती. घोड्या खरं कुणी विकल्या हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर कुणी बोलत नव्हतं.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. कुणी न्यायाधीशाला धमकी द्यायचं नाही. नुसता फोन यायचा, प्रकृतीची चौकशी व्हायची, आणि ठेवता ठेवता पलीकडून कुणी म्हणायचं, "त्या अमक्याचं लक्षात आहे ना?" सबीराला ज्यांनी कामाला लावलं ते जुने न्यायाधीश म्हणत असत, "पोरी, निर्दोष हा शब्द आपल्या कायद्यात आहे, जिभेवर नाही." आरोप सिद्ध झाला नाही तरी कुणाला सोडायची रीत नव्हती. फाइल पुन्हा तपासाला पाठवायची. पोलिसांची लाज राहते, न्यायाधीशाची खुर्ची राहते, आणि माणूस कोठडीत आणखी वर्षभर राहतो. सबीरानेही वर्षानुवर्षं तेच पाहिलं होतं. या वेळी मात्र जुमाशची बायको, कालीचा, रोज कोर्टाच्या पायरीशी बसून असायची. काही मागत नसे. सबीरा आली की उठून उभी राहायची आणि ती आत गेली की पुन्हा बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाचे मुख्य न्यायाधीश कुबात स्वतः तिच्या खोलीत आले. पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा होता.

"अभिनंदन, सबीराताई! हाकिमांशी सोयरीक! आता आमच्यासारख्यांना ओळख द्याल ना?"

"काय काम काढलंत?"

"काम कसलं! उलट तुमचं काम हलकं करायला आलोय." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दानियार फिर्यादी. आता तो तुमच्या होणाऱ्या जावयाचा सख्खा भाऊ. कायदा काय म्हणतो ते मी तुम्हाला काय शिकवू? नातलगाच्या खटल्यात न्यायाधीशाने बसू नये. सरकारी वकिलांनी हरकत घेतलीय, आणि बरोबर घेतलीय."

"मग?"

"मग काय, तुम्ही बाजूला व्हा. शुक्रवारी मी बसतो. तुम्ही आपलं लग्नाचं बघा."

तेव्हा कुठे सबीराला कळलं. तिला विकत घ्यायला कुणी आलंच नव्हतं. तिला कायद्यानेच खुर्चीवरून उठवत होते, आणि तो कायदा चांगला होता. तिने स्वतः किती जणांना तो सांगितला होता! कुबात बसले की जुमाशला आठ वर्षं, यात तिळमात्र शंका नव्हती.

"आणि ही सोयरीक नसेल तर?"

कुबात हसले. "कानात पडलेले डूल कुणी परत केल्याचं ऐकलंय का, ताई? आपल्या लोकांत? मुलीचं काय होईल मग?"

ऐकलं नव्हतं. नाही म्हणायला एकदाच, लहानपणी, स्वतःच्या आजीच्या तोंडून ऐकलं होतं, तेही आवाज खाली करून. त्या मुलीच्या अंगणात पुन्हा कुणी मागणी घालायला उतरलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाय पिळायची वेळ. बेगाइम गोठ्यात होती. सबीरा बादली धरायला म्हणून गेली आणि सगळं सांगून बसली. सांगताना कोर्टात बोलतात तसं बोलली, कारण दुसरं काही येईना. बेगाइमने पिळणं थांबवलं नाही.

"एर्मेकला यातलं काही ठाऊक नाही, आई."

"मला माहीत आहे."

"त्याने घरी नुसतं सांगितलं, माझं असं असं आहे. वर्षभर त्याची आई नको म्हणत होती. आणि या आठवड्यात एकदम हो म्हणाली." दुधाची धार बादलीत वाजत राहिली. "मला वाटलं, माझ्यामुळे हो म्हणाली."

सबीराने बादली गायीखाली नीट सरकवली.

"थोडं थांबलं तर? निकाल लागला की मग..." बेगाइमने विचारलं.

"निकाल लागल्यावर जुमाश आत असेल, बेगाइम. आठ वर्षं."

"आणि मी बाहेर," बेगाइम म्हणाली. मग गायीच्या पोटाला कपाळ टेकून बराच वेळ बसली. शेवटी उठली, हात पुसले, आईपुढे उभी राहिली आणि केस मागे घेतले.

"तूच काढ."

"बाळा, तू म्हणालीस नको, तर..."

"मला विचारू नकोस. त्यांनी घालताना विचारलं नाही, तू काढताना विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तुझं आहे ते तू कर."

सबीराने उजवा डूल काढला. डाव्या कानातली कडी निघेना. बेगाइम हलली नाही, तिने डोळेही मिटले नाहीत.

उलकान आजींनी ते खिडकीतून पाहिलं. त्या सुनेशी पुढे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. त्या सकाळी एवढंच म्हणाल्या, "माझा मुलगा असता तर तुझे हात धरले असते." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "की नसते धरले, कोण जाणे."

हाकिमाच्या घरी नुरजामाल हसत दाराशी आली. "या, या विहीणबाई! सांगावा तरी धाडायचा, निदान भात तरी टाकला असता!" आणि मग तिची नजर सबीराच्या मुठीतल्या पांढऱ्या रुमालावर गेली.

सबीराने रुमाल उंबऱ्यावर ठेवला नाही. ते फारच अपमानाचं झालं असतं. तिने तो नुरजामालच्या हातात दिला.

"मुलीत काही खोट नाही. मुलातही नाही. एवढं सगळ्यांना सांगा."

नुरजामालने रुमाल उघडून पाहिला नाही. तिचा चेहरा दगडासारखा झाला. पण जन्माची सवय ती. हात आपोआप मागच्या मेजाकडे गेला आणि नानचा तुकडा पुढे आला. "चाख तरी. आमच्या दारातून कुणी न चाखता गेलेलं नाही."

सबीराही त्याच मातीतली. भांडून निघालेला माणूससुद्धा नानचा कण जिभेवर ठेवूनच घराबाहेर पडतो. पण चाखलं की अन्नाचं नातं आलं, आणि नातं आलं की शुक्रवार गेला. तिने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि न चाखता पायऱ्या उतरली. मागून नुरजामालचा आवाज आला. ती शिव्या देत नव्हती, रडत होती. "अगं, मला खरंच आवडली होती तुझी पोर!"

आणि तेही खरंच असावं.

शुक्रवारी सरकारी वकिलाने हरकत वाचली. सबीराने सांगितलं, "अशी कोणतीही सोयरीक नाही. डूल परत गेले आहेत." मग तिने निकाल वाचला. तो शब्द आला तेव्हा तिची जीभ क्षणभर अडखळली. तिने तो पुन्हा, नीट उच्चारला. "निर्दोष."

कुणालाच काही कळलं नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात जुमाशने सवयीने हात पाठीमागे नेले आणि मागच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. मागे बसलेली कालीचा शेजारणीला विचारत होती, "किती वर्षं? किती म्हणाल्या?" पहारेकरी जागेवरूनच म्हणाला, "बाई, मग याला आता कुठल्या दाराने न्यायचं?"

"पुढच्या," सबीरा म्हणाली.

गोष्ट इथेच संपवता आली असती तर किती बरं झालं असतं.

पानगळ लागता लागता वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. कागदावर कुणा तिसऱ्याच न्यायाधीशांची सही होती, सबीराने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. जुमाशला परत नेलं. त्याच वर्षी सबीराची न्यायाधीशपदाची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. एर्मेकचं लग्न राजधानीतल्या मुलीशी झालं. लग्नाआधी तो एकदा कुंपणापाशी येऊन उभा राहिला होता. बेगाइम बाहेर गेली नाही. पुढच्या वसंतात तिने मॉस्कोची गाडी धरली. तिथे ती इस्पितळाच्या फरशा पुसते की नर्सच्या हाताखाली काम करते, हे तिने कधी नीट सांगितलं नाही. फोनवर आजीबद्दल विचारायची, गायीबद्दल विचारायची. आईशी वाईट कधीच बोलली नाही. एकदा सबीराने न राहवून विचारलं, कानात काही घालतेस का? तर म्हणाली, "भोकं बुजली, आई. थंडीत बरंच आहे, दुखत नाहीत."

जुमाश तुरुंगातच गेला, छातीच्या रोगाने, चौथ्या हिवाळ्यात.

वर्ष सरून त्याच्या नावाचं जेवण झाल्यावर कालीचा सबीराच्या दारी आली. सोबत वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी होती. सबीराला वाटलं, ही आता विचारेल. काय मिळालं तुझ्या त्या शब्दाने?

कालीचा टेकली. चहा घेतला.

"ताई, त्याला परत न्यायला आले ना, तेव्हा तो घोड्याला खरारा करत होता. शिपाई म्हणाला, हात मागे घे. हा घेईना. म्हणाला, मी निर्दोष आहे, बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलंय. बांधायचे तर तुम्ही बांधा, मी आपणहून देणार नाही." तिने पेला खाली ठेवला. "ओढत नेलं त्याला. मी रागावले होते त्याच्यावर, उगाच मार खाल्ला म्हणून. आता नाही रागावत."

सबीरा खाली बघत होती.

"एक उन्हाळा मिळाला आम्हाला," कालीचा म्हणाली. "वर कुरणात. गवत चांगलं होतं त्या साली." मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत हलकेच विचारलं, "तुमच्या लेकीचं कुठं ठरलं का?"

सबीराने मान हलवली. नाही.

कालीचा निघाली तेव्हा सबीराने नान मोडला आणि पुढे केला. कालीचाने तुकडा तोंडात टाकला, तो सावकाश चावत अंगण ओलांडलं आणि फाटकापाशी एकदा वळून पाहिलं.