ढोरांसाठी कुंपण

कुंपणवाला तानबा कुठलंही काम हाती घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा, आणि त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरायचं. बंडोपंतांनाही त्याने टेप उलगडण्याआधीच तो विचारला.

"काकाजी, ढोरायसाठी का चोरायसाठी?"

ढोरांसाठी असेल तर छातीएवढे सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेचे पाच पदर. चोरांसाठी असेल तर उंच जाळी. तिसऱ्या कारणासाठी सहसा कोणी त्याच्याकडे येत नसे.

बंडोपंत वर्ध्याच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. छत्तीस वर्षांत फायलीवर एक खोटी ओळ लिहिली नाही, हे ते चारचौघांत सांगत, कोणी विचारलं नसलं तरी. त्या दिवशी मात्र सेलूच्या आपल्या अंगणात उभं राहून ते म्हणाले, "ढोरांसाठी. मोकाट ढोरांनी वैताग आणलाय."

ढोरं लेआउटच्या वस्तीत होती, नाही असं नाही. पण कुंपण हवं होतं ते त्यांच्या बायकोसाठी. दोन वर्षांपासून इंदिराबाईंची आठवण पुसत चालली होती. आधी भाजीत दोनदा मीठ पडू लागलं, मग लेकाचं नाव गेलं, आणि दिवाळीनंतर नवऱ्याचा चेहराही गेला. उरली ती एक सवय. बंडोपंत नोकरीत असताना साडेसहाच्या एसटीने घरी यायचे, आणि इंदिराबाई मागच्या मोकळ्या प्लॉटमधून हायवेवरच्या थांब्यापर्यंत त्यांना घ्यायला जायच्या. त्या अजूनही जायच्या. गेल्या महिन्यात एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचल्या. त्यांचा मुलगा निशांत पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, कुंपण घालून घ्या."

आता हे तानबाला सांगायचं म्हणजे बायकोचं डोकं गेलं अशी गावभर दवंडी पिटायची, असं बंडोपंतांना वाटलं. लाज वाटली, दुसरं काय. ज्या बाईने जन्मभर त्यांची वाट पाहिली, तिची लाज.

तानबा आणि त्याची बायको प्रमिलाबाई तीन दिवस राबत होते. खड्डे झाले, खांब उभे राहिले, गिट्टी ठोकून बसवली. मग तार ताणली, अगदी ढोरांच्या मापाने.  काटे बघून बंडोपंत बोलायला म्हणून दोनदा जवळ गेले आणि दोनदा चहाचं विचारून परत आले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सामानाची आवराआवर चालली होती. पुढचं फाटक बसलं होतं. इंदिराबाई पदर सारखा करून मागच्या दाराने निघाल्या. पायांना जुनी वाट पाठ होती. तार आडवी आली तशी त्यांनी दोन्ही हातांनी ती बाजूला सारली, दार लोटावं तशी.

तारेचा आवाज ऐकून बंडोपंत धावले. दोन्ही तळवे फाटले होते, आणि तरीही त्या तार लोटतच होत्या. त्यांनी बायकोचा हात धरला. इंदिराबाईंनी तो झटकन सोडवून घेतला, परक्या पुरुषाने धरल्यासारखा. मग प्रमिलाबाईच पुढे झाली. तिने त्यांना ओट्यावर बसवलं, हात धुतले आणि हळद दाबून धरली.

"ढोरांसाठी नव्हतं रे तानबा," बंडोपंत म्हणाले.  "हिच्यासाठी होतं."

 "आंधी सांगतलं असतं काकाजी," तानबा म्हणाला, "तं काटे कायले लावले असते? माह्या मायचंबी असंच झालतं. तिच्यासाठी सादी जाळी लावलती मी." आणि बांधलेलं सामान सोडून त्याने पक्कड काढली, नि पहिल्या खांबापासून तार उकलायला बसला.

ओट्यावरून इंदिराबाईंनी बंडोपंतांना हाक मारली. "भाऊ, जरा ऐकता का? आमचे हे बसने येतील आता. मी थांब्यावर दिसले नाही तर घाबरतात ते. त्यांना सांगाल, मी घरीच आहे म्हणून? हात धरून आणा त्यांना, काटे आहेत इथे."

"आणतो," बंडोपंत म्हणाले.

ते फाटकातून बाहेर पडले आणि थेट थांब्यावर जाऊन उभे राहिले. साडेसहाची एसटी आली, दोन कॉलेजची पोरं उतरली, एसटी गेली. बंडोपंतांनी रुमालाने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि पूर्वीसारखेच झपझप चालत घरी आले. फाटक उघडून ते बायकोसमोर उभे राहिले.  नुसतं तिला बघू दिलं.

इंदिराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या पाठीमागे, रस्त्याकडे पाहिलं.

"नाही आले का हो?" त्यांनी विचारलं.