तोगाशींच्या दुकानाची पाळी

या, जरा पुढे सरका. शेगडीपाशी जागा आहे, आणि देवळात प्रवचनाला बुवा यायला अजून अवकाश आहे. ते एकदा गाऊन सांगायला लागले की मला दुसऱ्या कशाचं भान राहत नाही, म्हणून आधीच एक गोष्ट सांगून घेते. आमच्याच बाजाराची आहे. ऐकून मन हलकं होईल असं मात्र वचन देत नाही.

नागिउरा बंदराच्या बाजारात माझं चहापत्तीचं दुकान, आणि बरोबर समोर तोगाशींचं मेणबत्त्यांचं. इसाबुरो तोगाशी म्हणजे त्या घराण्याची चौथी पिढी. झाडाच्या फळांचं मेण वितळवायचं, वातीवर उघड्या तळहाताने लिंपायचं, वाळलं की पुन्हा लिंपायचं. अशा मेणबत्तीला काजळी धरत नाही, त्यामुळे गाभाऱ्यातला सोन्याचा मुलामा काळवंडत नाही. आसपासच्या सगळ्या देवळांत त्यांचाच माल जायचा. पुढे गावं ओस पडली, देवळांना कुलपं लागली, आणि जी उघडी राहिली तिथे विजेच्या मेणबत्त्या आल्या. बटण दाबलं की लागतात. अमिदा बुद्धाला चालत असतील. त्याच्या करुणेला कुठे मोजमाप आहे? पण तोगाशींचं दुकान चालेना.

आता आमच्या व्यापारी मंडळाबद्दल सांगायला हवं. मासळीबाजाराच्या कडेला दोन खोल्यांचं कार्यालय, आणि मुरोया नावाचे एक चिटणीस. मुरोया सायकलवरून दुकानोदुकानी फिरत. कुणाला कराचे कागद भरून दे, कुणाची बँकेत गाठ घालून दे, बर्फ पडला की म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसायला माणसं गोळा कर, वर्षअखेरीला गिऱ्हाइकांसाठी बक्षिसांची सोडत काढून घंटा बडव. नावाला व्यापारी मंडळ, पण व्यापारापेक्षा माणसंच जास्त सांभाळायचं.

आणि त्याची एक जुनी रीत होती, पाळीची. एखादं दुकान बुडायला लागलं की मुरोया एक लाकडी पट्टी रुमालात बांधून एका सभासदाच्या घरी नेऊन देत आणि दुकानाचं नाव कानात सांगत. पट्टी घरात असेल त्या आठवड्यात त्या दुकानातून भरपूर खरेदी करायची, मग पट्टी शेजारी द्यायची. नियम एकच. ज्याचं दुकान, त्याला हे जन्मात कळू द्यायचं नाही. कारण आमच्याकडे कुणी फुकटचं घेत नाही. कुणी भेट दिली तर तिची परतभेट जायलाच हवी. अख्ख्या बाजाराने आपल्याला उचलून धरलंय हे कळलं, तर माणसाने परत काय काय द्यायचं? न सांगणं हीच दया, असं आम्ही मानत आलो.

तोफूवाल्या ओताएचा नवरा आजारी पडला तेव्हा ही पाळीच तिला तारून गेली होती. पण तोफू पोटात जातो. मेणबत्त्या जायच्या कुठे?

पट्टी तोगाशींच्या नावाने फिरू लागली आणि दुकान पुन्हा गजबजलं. माझ्या देव्हाऱ्यात सकाळ-संध्याकाळ त्यांचीच मेणबत्ती जळे, तरी कित्येक उरत. सगळ्यांत जास्त घ्यायच्या त्या छत्र्या विकणाऱ्या किनुए आजी. जीभ तिखट. दुकानात शिरतानाच म्हणायच्या, "इसाबुरो, गावात वीज आली तेव्हाच तुझ्या आजोबाला अक्कल यायला हवी होती. बरं, दे दोन पुडे." यावर तोगाशी पुडे बांधता बांधता म्हणत, "आणि तुमच्या छत्रीने पाऊस थांबल्याचं मी तरी ऐकलं नाही, आजी." म्हातारा इतक्या वर्षांनी थट्टा करायला लागला, म्हणून आम्ही सुखावलो. मी देवळात हात जोडून तसं सांगूनही आले.

त्यांची मुलगी चिझुरु कानाझावाला होती. दातांच्या कवळ्या घडवण्याच्या कामात तिचा हात नावाजलेला. त्याच शहरातल्या एका मोठ्या मेणबत्ती कारखान्याने तोगाशींना शिकवायला बोलावलं होतं, राहायला घर देऊन. बापलेकींनी तिथे एकत्र राहायचं असं जवळजवळ ठरलंही होतं. पण दुकान चालायला लागलं आणि तोगाशींनी लेकीला उलटंच कळवलं, की तूच ये, शिकून घे, पाचवी पिढी तू.

पुढचं मला मुरोयांनीच नंतर सांगितलं. चिझुरु आधी बापाकडे गेली नाही, थेट मंडळाच्या कार्यालयात गेली. म्हणाली, "मुरोया काका, बाबा म्हणतात धंदा पुन्हा उभा राहिलाय. ते बाबा आहेत, ते म्हणणारच. तुम्ही सांगा. धंदा खरा असेल तर मी नोकरी सोडते. नसेल तर त्यांनाच माझ्याकडे नेते. त्या कारखान्याची जागा काही कायम रिकामी राहणार नाही."

मुरोयांनी चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लोक दर आठवड्याला येतात आणि मेणबत्त्या नेतात, चिझुरु. यात तिळमात्र खोटं नाही."

ती वाकून नमस्कार करून निघून गेली. वसंतात सामान घेऊन आली.

दोन हिवाळे ती बापाशेजारी बसली. सुरुवातीला तिच्या मेणबत्त्या पोटात फुगायच्या, टोकाला कलायच्या. तोगाशी त्या फेकू देत नसत, कडेच्या टोपलीत ठेवत. किनुए आजी नेमक्या त्याच उचलायच्या. "वाकड्या माणसाला वाकडीच शोभते," असं म्हणायच्या, आणि पुन्हा आल्या की सांगायच्या, जळून संपल्या, अजून आण. पहिल्यांदा तसं म्हणाल्या त्या दिवशी चिझुरु रस्ता ओलांडून माझ्याकडे आली होती, "आजींना माझ्या हातच्या आवडतात" असं सांगायला.

दुसरा हिवाळा सरता सरता आजी गेल्या. मागेपुढे कुणी नव्हतं. अशा वेळी अंत्यसंस्कारापासून घर रिकामं करण्यापर्यंत सगळं मंडळच करतं. मुरोया अस्थी घेऊन देवळात गेले आणि आम्ही बाकीचे आजींच्या घरात कामाला लागलो. कुणी भांडी घेतली, कुणी छत्र्या. तोगाशी सगळ्यांत उंच, म्हणून भिंतीतलं वरचं कपाट त्यांच्याकडे आलं. मुरोया तिथे असते तर त्यांनी काहीतरी निमित्त काढून त्यांना बाहेरच्या कामाला लावलं असतं. आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानातच आलं नाही.

कपाटात अंथरुणं असायला हवी होती. सरकतं दार उघडलं तर वरपासून खालपर्यंत पुडेच पुडे, तोगाशींच्याच कागदात बांधलेले, गाठसुद्धा त्यांच्याच हातची.

त्यांनी एक पुडा सोडला. मेणबत्ती उजेडाकडे धरून पाहिली. म्हणाले, "ही चिझुरु यायच्या आधीची. कड बघा, त्या थंडीत मेण नीट बसलं नव्हतं." दुसरा सोडला, तिसरा सोडला. चिझुरु मदतीला गेली, आणि तिच्या हाती लागला तो वाकड्यांचा पुडा. सगळ्या होत्या. एकीचीही वात काळी झालेली नव्हती.

"या तर माझ्या पहिल्या," ती म्हणाली. "आजी म्हणाल्या होत्या, जळून संपल्या."

ओताए तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून स्वयंपाकघरात निघून गेली. तोगाशींनी एकेकाकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "अजून कुणाकुणाच्या घरी आहेत?"

कुणीच काही बोललं नाही. म्हणजे सगळ्यांनीच सांगितलं.

त्यांनी पुडे पुन्हा नीट बांधले, कपाटात होते तसे रचले आणि राहिलेलं काम पुरं करूनच घरी गेले.

मग दुकानाच्या मागून मेणाची कढई बाहेर आली. ती विकली गेली, मेणाचा साठा गेला, वाती गेल्या. आणि त्या पैशांतून तोगाशी परतभेटी घेऊन दारोदारी फिरू लागले. अंगावर घराण्याच्या चिन्हाचा काळा किमोनो, हातात रेशमी रुमालात बांधलेला साखरेच्या वड्यांचा डबा. उंबऱ्यात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं आणि म्हणायचं, "आजवर सांभाळलंत." डबा नाकारता येत नाही. नाकारला तर त्यांचा अपमान, आणि घेतला तर त्यातली वडी खाववत नाही.

माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "तोगाशी-सान, मी तर रोज लावते हो. खरंच लावते."

ते म्हणाले, "मग तुमचा डबा लहान आणायला हवा होता." थट्टा त्यांची नेहमीचीच. पण दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

मुरोया बंद दुकानासमोर बर्फात गुडघे टेकून बसले. तोगाशी बाहेर आले नाहीत. चिझुरुने दार हातभर सरकवलं आणि म्हणाली, "काका, मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता." दार पुन्हा लागलं.

कानाझावाच्या कारखान्याने तोवर दुसरा माणूस घेतला होता. चिझुरुच्या जुन्या जागीही दुसरं कुणी बसलं होतं. मुरोयांनी राजीनामा दिला, आमचं मंडळ पलीकडच्या शहराच्या मंडळात विलीन झालं, आणि पाळी बंद पडली. पट्टी कुणी कुणाकडे नेत नाही. आता बाजारात एखादं दुकान बुडायला लागलं की आम्ही आपापल्या दारातून बघतो. मदत केली तर काय होतं ते पाहिलंय, आणि न करता काय होतं तेही रोज पाहतोय. तोगाशी घराबाहेर पडत नाहीत. मी त्यांच्यासाठी नाम घेते, पण खरं सांगू, अलीकडे नाम तोंडात येतं आणि पुढे काय मागायचं ते सुचत नाही.

चिझुरु हमरस्त्यावरच्या मासळी कारखान्यात लागलीये, थंड पाण्यात मासे साफ करायला. बोटं सुजलेली असतात. शेवटच्या महिन्यांत तिच्या मेणबत्त्या इतक्या सरळ यायच्या, की तोगाशींच्या शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते मला सांगता येत नसे. तिनं सगळं शिकून घेतलं होतं.

ऐकलंत, बुवांच्या खडावा वाजल्या. आता ते गातील, आणि 'नमु अमिदा बुत्सु' हे नाम म्हणायला सांगतील तेव्हा सगळं सभागृह म्हणेल. तोगाशींना आठवणारे इथे पुष्कळ आहेत, मुरोयांना शिव्या देणारेही आहेत. तुम्ही नवे आहात, तुमचं मन मोकळं आहे. तुम्ही तेव्हा चिझुरुला आठवा.