हरकत असेल त्यानं सांगावं

छावणीतल्या चर्चमध्ये उपासना चालू असताना मोबाइलवरून प्रश्न विचारायची सोय चर्चचे पंच सुदर्शन मास्तर यांनी आणली, आणि तिचा त्यांना एवढा अभिमान की जणू मोबाइलच त्यांनी शोधून काढला. माणसं पाळकसाहेबांसमोर तोंड उघडत नाहीत, बाया तर नाहीच नाही. म्हणून प्रवचन चालू असताना ज्याच्या मनात जे येईल ते त्यानं चर्चच्या नंबरावर पाठवायचं, प्रवचन संपलं की मास्तरांनी ते माइकवर वाचायचं आणि पाळकसाहेबांनी उत्तर द्यायचं. त्या फोनमध्ये कुणाचंही नाव टाकून ठेवायचं नाही, हा नियमही मास्तरांचाच. "नाव नाय, गाव नाय, बिनधास्त विचारा," असं ते दर रविवारी सांगत. लोकही बिनधास्त विचारत. नोहानं तारवात डास कशाला घेतले, इथपासून गेटासमोर बुलेट कुणी आडवी लावली, इथपर्यंत.

मोनिका ही याच मास्तरांची थोरली लेक. त्या रविवारी ती बायकांच्या बाजूला, मम्मीशेजारी बसली होती. डोक्यावर पदर आणि उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. पाळकसाहेबांनी नुकतीच तिच्या लग्नाची सूचना तिसऱ्यांदा वाचली होती.

चर्चमध्ये लग्न लागायचं तर आधी तीन रविवार दोघांची नावं भर मंडळीत वाचतात आणि विचारतात, कुणाची काही हरकत असेल तर त्यानं आताच सांगावं. तिसऱ्या रविवारची उपासना बिनहरकत पार पडली की पाळकसाहेब वहीत सही करतात आणि लग्न पक्कं होतं. मोनिकाच्या पाठोपाठ मंडळीतल्याच दुसऱ्या एका मुलीचं, हिमानीचंही नाव वाचलं गेलं, पण तिचा अजून दुसराच रविवार होता. दोन्ही नावांना मंडळी गप्प राहिली. हरकत घ्यायची असते हेच लोक विसरून गेले होते.

हरकत होती. ती नवरीलाच होती.

होणारा नवरा राजकुमार जालन्याचा. नोकरी चांगली, दिसायला देखणा आणि जिभेवर साखर. साखरपुड्यानंतर गाडीतून येताना मोनिका मामेभावाच्या कशावर तरी हसली, तेव्हा त्यानं पदराखाली तिचा अंगठा धरला आणि कट् असा आवाज येईपर्यंत मागं पिरगाळला. तोंडावर हसू तसंच. "गंमत केली गं," म्हणाला. घरी आल्यावर तिनं मम्मीला सांगितलं, तर मम्मी पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "पप्पांना अंगठा दारात सापडला म्हणून सांग. लगीन झालं की निवळतात पुरुष."

पप्पांनी ते खरं मानलं. स्वतः जाऊन मलम आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून उस्मानपुऱ्यातल्या घराच्या त्या दाराला रंधा मारून घेतला. सुताराचं काम चालू असेपर्यंत मास्तर दाराला शिव्या घालत उभे होते. असा जीव लावणारा बाप. पण "मला हे लग्न नको" म्हटलं की त्याच बापाचे कान बंद व्हायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते पेपर वाचत राहिले. नंतर म्हणाले, "समद्या पोरी असंच म्हणत्यात." शेवटी ती पाय धरून रडली, तेव्हा त्यांनी तिला उठवून डोक्यावर हात ठेवला. "मी शब्द दिलाय, मोना. माझी लेक माझ्या शब्दाबाहेर नाय, हे जालन्यापर्यंत ठावं हाय लोकांला." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

प्रवचन सुरू झालं. लग्नसराईत पाळकसाहेब प्रवचनात बायबलातल्या काना गावच्या लग्नाशिवाय दुसरीकडे कुठं जात नसत. येशूच्या शब्दानं पाण्याचा द्राक्षारस व्हायला लागला आणि मोनिकाच्या मांडीवरचा फोन थरथरला. राजकुमार घरी बसून उपासना लाइव्ह बघत होता. 'पदर नीट घे. कॅमेऱ्यात दिसतंय सगळं.'

तिनं पदर नीट घेतला. त्याच पदराआड, गीतांच्या पुस्तकात, ऑफिसचा फोन होता. त्याचा नंबर घरात कुणालाच ठाऊक नव्हता. उजवा अंगठा वाकत नव्हता म्हणून ती डाव्या हातानं एकेक अक्षर दाबू लागली. आज राहिलं तर संपलं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. पाळकसाहेबांना एकट्याला गाठावं तर तेही पप्पांनाच विचारतील. पळून जावं तर मागं धाकट्या बहिणीचं कोण बघणार? उरला होता तो हा नंबर. पप्पा नाव न बघता प्रश्न वाचतात. घरात नाही ऐकलं, निदान माइकवर तरी वाचतील.

मांडीवरचा फोन पुन्हा थरथरला. 'मान खाली का? कुणाला मेसेज करतेस?'

तिनं डोळे मिटले आणि पाठवून दिला.

आमेन झालं. मास्तर चष्मा सावरत माइकपाशी आले. पहिला प्रश्न होता, काना गावच्या लग्नात जेवायला काय होतं. मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले. दुसरा पंख्याबद्दल होता. मग मास्तर थांबले. मोनिकाला त्यांच्या कपाळावरची आठी दिसली आणि तिला वाटलं, कळलं त्यांना. 

"हा प्रश्न जरा येगळा हाय," मास्तर म्हणाले आणि शाळेत धडा वाचावा तसे स्वच्छ वाचू लागले. "'नवरीलाच लग्न नको असेल आणि घरात तिचं कुणी ऐकत नसेल, तर ती हरकत धरली जाते का?'"

 पाळकसाहेब बोलायला उठले, पण मास्तरांनी हातानंच त्यांना थांबवलं. त्यांचा आवाज भरून आला होता.

"साहेब, पंच म्हणून आधी मी बोलतो. अशी कुणी लेक इथं बसली आसंल, तर तिनं भिऊ नये. ही समदी मंडळी तिच्या पाठीशी हाय. अन् पोरीचं ऐकत नाय तो बाप कसला? कसाई म्हणायचा त्याला! अशा घराला मी स्वतः जाब विचारीन."

"आमेन!" मागून कुणीतरी म्हणालं.

मोनिकाला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ज्या वाक्यासाठी ती तडफडत होती ते वाक्य पप्पा बोलत होते, अगदी मनापासून बोलत होते, आणि बघत होते मात्र हिमानीकडे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आईबाप नसलेल्या हिमानीला तिच्या चुलत्यानं, अप्पारावांनी वाढवलं होतं. अप्पाराव तापट, मास्तरांचं आणि त्यांचं जुनं वाकडं. सूचना वाचलेल्या दोन मुलींपैकी एक आपल्या घरची, म्हणजे प्रश्न दुसरीचा, हा हिशेब मास्तरांनी डोळे झाकून केला. त्यांच्यामागोमाग सगळ्या चर्चच्या माना हिमानीकडे वळल्या.

हिमानी बिचारी होणाऱ्या नवऱ्यावर, प्रणयवर जीव टाकणारी पोरगी. तिच्या हौसेनंच ते लग्न ठरलं होतं. तिला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि फाटक्या आवाजात म्हणाली, "मी नाय पाठवला! देवाशप्पथ मी नाय!" पुरुषांच्या बाजूला प्रणय उभा राहिला. त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून तो दाराकडे चालायला लागला. अप्पाराव लाल होऊन बाकांमधून वाट काढत पुतणीकडे निघाले. "चल घरी! शोभा करतीस व्हय माझी?"

"अप्पाराव, पोरीला हात लावायचा नाय!" मास्तर माइकवरून गरजले.

हिमानी "प्रणय, थांब ना रे" म्हणत हुंदके देत होती. मोनिकाला ते सहन होईना. आपली मान सोडवायला गेलो आणि फास या पोरीच्या गळ्यात पडला. गप्प बसलं तर हिचं लग्न मोडणार आणि आपलं होणार. मम्मीनं तिचा हात घट्ट धरला होता. मम्मीला सगळं कळलं होतं आणि ती मानेनं 'नको, नको' करत होती. ओरडावं म्हटलं तर माइकपुढं ते कुणाला ऐकू जाणार? मोनिकानं हात सोडवून घेतला आणि डाव्या अंगठ्यानं चार शब्द दाबले.

मास्तरांच्या हातातला फोन वाजला. ते तावात होते. त्या पोरीनं आणखी काही लिहिलं असेल, ते अप्पारावांच्या तोंडावर मारावं, म्हणून त्यांनी माइक जवळ ओढला आणि मोठ्यानं वाचलं,

"'पप्पा, ती नाही. मी.'"

वाचून झालं तरी ते फोनकडेच बघत राहिले. मग ओठ हलवत पुन्हा एकदा वाचलं. चर्चमध्ये मास्तरांना पप्पा म्हणणाऱ्या दोनच मुली होत्या, आणि धाकटी नववीत होती. प्रणय दारातच थांबला. अप्पाराव बाकाला धरून उभे राहिले.

मोनिका उठली. पदर खांद्यावर आला होता. मांडीवरून खाली पडलेला फोन फरशीवर गुरगुरत होता आणि त्यावर राजकुमारचं नाव उजळत होतं. तिनं तो उचलला नाही.

मास्तरांनी चष्मा काढला.   ते म्हणाले, "मोना... तू?"

"व्हय, पप्पा."

"घरात कुणी ऐकत नाय..." त्यांनी फोनकडे बघितलं. पाळकसाहेबांनी हळूच पुढची वही मिटून पेन खिशात ठेवलं, तेही मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. ते लेकीच्या हाताकडे बघत होते. ती समोरच्या बाकाला धरून उभी होती आणि चिकटपट्टीचा अंगठा तेवढा वेगळा, ताठ राहिला होता.  मग माइक चालू आहे हे विसरून, घरात विचारावं तसं त्यांनी हळू विचारलं,

"अन् ते दार?"

मोनिकाला हुंदका आवरेना. सगळी मंडळी ऐकत होती, जालन्यालाही ऐकू जात होतं.

"दाराचा काही दोष नव्हता, पप्पा."